हलगी वाजवणाऱ्या रोबोबरोबर अल्बम करताना

इलेक्ट्रॉनिक पॉपचा अल्बम करताना तालासाठी रोबो घ्यायचा, असे ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. माझा रोबो साधा आहे. 24 व्होल्टच्या दोन सोलेनॉइडांना (वीज मिळताच आतला दांडा ढकलणारी विद्युतचुंबकं) दोन काठ्या, एक जाड आणि एक बारीक, आणि त्यांच्यासमोर लोखंडी कड्याची हलगी. कोणता आघात कधी आणि किती जोराने हे सांगणारा मिडी संदेश संगणकाकडून येतो, तो मायक्रोकंट्रोलर ही छोटी नियंत्रक चिप वाचते आणि काठी खाली येते.

मी सुरुवातीला गाणी संगणकावर पूर्ण बांधली आणि शेवटी हलगी वाजवून घेतली. ती प्रत्येक ठिकाणी सिंथेसायझरच्या मागे राहिली. संदेश मिळाल्यापासून काठी कातड्यावर पोहोचेपर्यंत वेळ जातो, हे मला माहीत होते. पण हलक्या आघाताला जोरकस आघातापेक्षा अधिक वेळ लागतो, कारण कमी ऊर्जेने ढकललेली काठी सावकाश सरकते, हे मी लक्षात घेतले नव्हते. कड्याला कंपने टिपणारा पिझो मायक्रोफोन चिकटवून मोजले तेव्हा जोरकस आघात सुमारे 20 मिलिसेकंद आणि अगदी हलका 45 मिलिसेकंद उशिरा पडत असल्याचे दिसले. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत सोळावा भाग, म्हणजे मात्रेचा चतुर्थांश, अवघ्या 125 मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे हा फरक कानाला स्पष्ट जाणवतो आणि सबंध ट्रॅक मागे-पुढे सरकवून तो जात नाही. मिडीत जोर 0 ते 127 अशा आकड्यांत येतो. त्या प्रत्येक टप्प्याचा उशीर मोजून मी तक्ता केला, जोरकस आघात मायक्रोकंट्रोलरमध्येच तेवढे थांबवून सगळ्यांचा उशीर 45 वर आणला आणि मग ट्रॅक तेवढाच अलीकडे ओढला. या मोजणीसाठी दोन दिवस गेले तरी ते द्यावेत, कारण पुढचे सगळे काम त्यावर उभे राहते.

एकदा आघात थांबवण्याचा संदेश पोहोचलाच नाही, विद्युतप्रवाह चालू राहिला आणि सोलेनॉइडमधली तारेची कॉइल जळाली. आता 30 मिलिसेकंदांनंतर प्रवाह आपोआप तुटेल, अशी अट मी प्रोग्राममध्येच घातली आहे. प्रवाह तुटताना येणारा उलटा झटका जिरवण्यासाठी कॉइलला समांतर डायोड तर पहिल्या दिवसापासून हवाच.

हलगीचे कातडे पावसाळ्यात सैल पडते आणि आवाज बसतो. वादक हलगी आगीवर शेकून घेतो, वाजवता वाजवता कान देतो. रोबोला यातले काही कळत नाही. जुलैत ध्वनिमुद्रित केलेली दोन गाणी मला त्यापायी पुन्हा करावी लागली.

रोबोने काय वाजवावे, हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. अमेरिकेतील जॉर्जिया टेकमध्ये गिल वाइनबर्ग यांच्या चमूने घडवलेला शिमॉन हा रोबो चार हातांतील आठ काठ्यांनी मारिंबा हे लाकडी पट्ट्यांचे वाद्य वाजवतो. सोबतच्या वादकाचे ऐकून त्याला उत्तर द्यायचे, पण वाजवायचे मात्र यंत्राला जमेल तसे, ही त्यामागची दृष्टी आहे. अजय कपूर यांनी घडवलेला महादेवीबॉट हा रोबो बारा हातांनी आपल्याकडची लोकवाद्ये वाजवतो. ही उदाहरणे समजून घेतल्यावर मी ढोलकीचा हट्ट सोडला. ढोलकीचा घिस्सा, म्हणजे घासून काढलेला सरकता नाद, तळहाताच्या दाबातून येतो आणि माझ्या यंत्राला तळहात नाही. काठीने वाजणारी हलगी मात्र त्याच्या हाताला शोभते.

त्यानंतर मी क्रम उलटवला. एका हलगीवादकाने वाजवलेल्या ठेक्यांतून कोणत्या आघातानंतर कोणता येतो याच्या शक्यता काढल्या, त्या रोबोला दिल्या आणि गाण्याला चाल लावण्याआधी त्याला तासभर वाजू दिले. चौथ्या गाण्याच्या वेळी त्याने एका आवर्तनात सम रिकामी सोडली. मी ते आवर्तन पुन्हा पुन्हा ऐकले, मुखड्याचा पहिला शब्द त्या मोकळ्या जागेत ठेवला आणि तोवर केलेली चाल बाजूला काढली. मिक्सिंगच्या वेळी तिथे सोलेनॉइडची बारीक खट्ट ऐकू येत होती. ती मी काढली नाही.