बाण काढताना बग सापडला
आमच्या अ‍ॅपमध्ये ग्राहकाचे पैसे कधीकधी दोनदा कापले जायचे, आणि कोड कितीही वाचला तरी कारण कळेना. शेवटी मर्मेडमध्ये (मजकुरातून आकृती बनवणारं साधन) सिक्वेन्स डायग्राम, म्हणजे कोण कोणाला कोणत्या क्रमाने काय पाठवतं याची आकृती, लिहायला घेतला: अ‍ॅप, सर्व्हर, पेमेंट गेटवे (पैसे कापणारी सेवा) अशा तीन उभ्या रेषा आणि मधले बाण. टाइमआउटच्या (उत्तराची वाट पाहण्याची मुदत संपल्याच्या) बाणापाशी हात थांबला. उत्तर उशिरा आलं की अ‍ॅप तीच विनंती पुन्हा पाठवतं, आणि सर्व्हर तिला नवी समजतो! पुन्हा पाठवतानाही विनंतीचा क्रमांक तोच ठेवला आणि तो सर्व्हरवर तपासला, बग गेला.

याआधी सगळ्या क्लासेसची (कोडच्या घटकांची) भलीमोठी आकृती काढली होती, ती कोणी उघडलीच नाही. ही छोटी आकृती मात्र कोडशेजारीच मजकूर म्हणून ठेवली आहे (कोड ठेवण्याची साइट गिटहब २०२२ पासून ती थेट दाखवतं). नव्या सहकाऱ्याला मी आधी तीच दाखवतो.