सरांच्या शिट्टीवर: माजी विद्यार्थ्यांचा फुटबॉल सामना कसा भरवावा

कोल्हापुरात दहावीच्या एखाद्या जुन्या बॅचचा स्नेहमेळावा ठरला की ग्रुपवर कुणीतरी म्हणतंच, "एक मॅच लावूया की!" मग एक जण जर्सीचं बघतो, दुसरा शाल-श्रीफळाचं, आणि ज्या सरांनी फुटबॉल शिकवला त्यांना तीन तास स्टेजवर बसवून ठेवलं जातं. सामना भरवणं अवघड नाही. सरांना नुसतं पाहुणं न करता त्यांचं काम पुन्हा त्यांच्या हातात देणं, हे मात्र बारकाईनं ठरवावं लागतं. खालची सगळी मांडणी त्यासाठीच आहे. खेळाडू चाळीस ते पंचावन्न वयाचे, सर सत्तरी-ऐंशीतले आणि मैदान शाळेचंच, असं गृहीत धरलंय.

तारीख आणि परवानगी

५ सप्टेंबर सगळ्यांना सुचतो, पण शिक्षक दिनाला मैदानात चिखल असतो आणि पन्नाशीतला गुडघा चिखलात फिरत नाही, मुरगळतो. भाऊबीजेनंतरचा रविवार उत्तम: पुण्या-मुंबईचे गावात असतात, जमीन वाळलेली असते, सकाळी गारवा असतो. मैदान फटाक्यांच्या स्टॉलला दिलेलं नाही ना, एवढं आधी विचारा. दिवाळी हुकली तर डिसेंबर. त्यापुढे शाळेचं गॅदरिंग आणि मग दहावी-बारावीच्या परीक्षा आडव्या येतात.

मुख्याध्यापकांना दोन महिने आधी लेखी अर्ज द्या. त्यात तारीख, वेळ, अंदाजे माणसं, जबाबदार दोघांचे फोन आणि "मैदान स्वच्छ करून देऊ" हे वाक्य हवंच. मैदान संस्थेच्या ताब्यात असेल तर त्याची प्रत सचिवांनाही. फाटक, पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह या तिन्हींच्या किल्ल्या रविवारी पहाटे कुणाकडे असतील, हे आदल्या दिवशी पक्कं करा. ऐनवेळी अडतं ते इथंच.

सर शोधणं आणि त्यांच्या घरी जाणं

पत्ता ऑफिसात मिळाला नाही तर निवृत्त शिपाईमामांना विचारा. कोण कुठं राहायला गेलं, हे त्यांना पाठ असतं. सामना डिसेंबरात असेल तर आणखी एक सोय: नोव्हेंबरात निवृत्त शिक्षक हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत भेटतात, त्यामुळे एक सर सापडले की बाकीच्यांचा माग लागतो. पी.टी.च्या सरांबरोबर आणखी एक-दोघांना बोलवा. सरावामुळे बुडालेला गणिताचा तास पुन्हा घेणाऱ्या बाई संघाचाच भाग होत्या.

निमंत्रणाआधी सरांच्या मुलाशी किंवा सुनेशी बोलून घ्या: किती वेळ बसवतं, ऐकू कितपत येतं, जिना चढता येतो का, गोळ्यांच्या वेळा काय, पथ्य काय. हे थेट सरांना विचारलंत तर उत्तर एकच मिळेल: "मला काय धाड भरलीय?"

आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या तर सामन्याच्या दोन-तीन आठवडे आधी, त्यांच्याच घरी. मैदानावर गलका असतो, आणि सरांचं लक्ष खेळाकडे असतं, तेच बरं. दोघंच जा. फोन एरोप्लेन मोडवर ठेवून सरांपासून हातभर अंतरावर, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. नुसत्या टेबलावर ठेवला तर कपबशीचा प्रत्येक आवाज त्यात उतरतो. पंखा बंद करता आला तर करा. पाऊण तास पुरे.

"तेव्हा कसं वाटायचं?" असं विचारलं की "छान दिवस होते" एवढंच हाती लागतं. वस्तू आणि व्यवहार विचारा. बॉल कुठल्या कपाटात असायचा? ब्लॅडर पंक्चर झाला की कोण जोडायचं? संघ निवडताना पहिल्यांदा काय बघायचात, पाय की दम? गोली कसा ठरायचा? बाहेरगावच्या सामन्याला एस.टी.चे पैसे कुणी भरले? कोणत्या मुलाला घरून खेळायला बंदी होती आणि त्याच्या वडिलांना कोण भेटलं? असा एक प्रश्न लागू पडला की पुढची वीस मिनिटं काही विचारावं लागत नाही.

सोबत संघाचे जुने फोटो न्या. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. वरचा थर सुटतो. अल्बमसकट सपाट ठेवून खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता टिपा. सुटा फोटो असेल तर ६०० डीपीआयवर स्कॅन करा. नावं डावीकडून उजवीकडे, ओळीनुसार, फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. साल माहीत नसेल तर बॉल बघा. काळ्या पंचकोनांचा पांढरा बॉल १९७० च्या विश्वचषकामुळे जगभर ओळखीचा झाला, म्हणजे तसा बॉल दिसला तर फोटो बहुधा त्यानंतरचा. फोटोतल्या पाटीवर 'सुब्रोतो' (देशपातळीवरचा शालेय फुटबॉल करंडक) असेल तर १९६० च्या आधीचा नक्की नाही, कारण तो करंडकच त्या साली सुरू झाला.

"सर, ओळखलंत का?"

हा प्रश्न ग्रुपवर आधीच बंद करा. हजारो मुलं हातांखालून गेलेल्या माणसाची टक्कल पडलेल्या पन्नास जणांसमोर परीक्षा घेण्यात काय गंमत? पहिल्या-दुसऱ्या नावाला सर हसतात, दहाव्याला ओशाळतात. त्याऐवजी प्रत्येकाच्या छातीवर पट्टी लावा: शाळेतलं नाव किंवा टोपणनाव, दहावीचं साल आणि खेळायची जागा, म्हणजे 'बॅक', 'हाफ', 'गोली'. अक्षरं किमान दोन सेंटिमीटर उंच, काळी, पांढऱ्यावर. जवळ गेल्यावर आपणच नाव सांगायचं. पट्टीवरची जागा वाचून सर पुढचं स्वतः जोडतात. नाही जोडलं तरी बिघडत नाही.

मैदान

पूर्ण मैदान घेऊ नका. अकरा-अकरा जणांनी शंभर मीटर धावायचं म्हटलं तर दहाव्या मिनिटाला सगळे कमरेवर हात ठेवून उभे. सात-सात जण आणि ६० बाय ४० मीटर पुरतं.

आखणीला चार खुंट्या, सुतळी, ५० मीटरचा टेप आणि फक्कीचं २५ किलोचं एक पोतं लागतं. पहिला कोपरा ठोकल्यावर एका बाजूवर ६ मीटर, दुसरीवर ८ मीटर मोजा. या दोन खुणांमधलं अंतर बरोबर १० मीटर आलं तर कोपरा काटकोनात आहे. चारही खुंट्या झाल्या की कर्ण मोजा. दोन्ही ७२ मीटर ११ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवेत. अर्ध्या मीटरचा फरक असेल तर मैदान तिरकं आहे, खुंटी सरकवा. मध्यवर्तुळ ६ मीटर त्रिज्येचं, गोलपुढची चौकट २० बाय १० मीटरची, पेनल्टी ८ मीटरवरून. फक्की नाही मिळाली तर पांढरी रांगोळी चालेल, पण चुना कदापि नाही. पडलेल्या माणसाच्या डोळ्यात किंवा खरचटलेल्या गुडघ्यावर गेला तर भाजतो.

शाळेचे पक्के गोल ७.३२ मीटर रुंद असतात. ते पन्नाशीतल्या गोलीच्या माथी मारू नका. साधारण ५ मीटर रुंद, २ मीटर उंच सुटे गोल आणा. मागच्या पाइपवर वाळूची पोती ठेवून ते दाबून टाका. सुटा गोल पुढं कलंडतो, आणि त्याला लोंबकळणारी लहान पोरं प्रत्येक मेळाव्यात असतात. मग दोन टोकांकडून मैदान चालत दगड, काचा आणि दिवाळीतल्या रॉकेटच्या तारा वेचा.

बॉल ५ नंबरचे तीन. नियमात हवेचा दाब ८.५ ते १५.६ पीएसआय आहे. कडक मैदानावर ९ च्या जवळ ठेवा, नाहीतर बॉल उसळून कुणाच्याच ताब्यात राहत नाही.

पाय तयार करणं

डोकं सोळा वर्षांचं आणि पोटरी अठ्ठेचाळीसची, इथं दुखापत होते. पहिल्या पाच मिनिटांत जोरात सुटलेल्या माणसाची मांडीची मागची शीर किंवा पोटरी धरते. सहा आठवडे आधी सुरुवात करा. पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीनदा अर्धा तास भरभर चालणं, मधूनमधून हलकं धावणं. पुढचे दोन आठवडे त्यात २० मीटरच्या सहा धावा, पूर्ण जोराच्या नव्हे. शेवटच्या दोन आठवड्यांत वळणं, थांबणं आणि बॉल. रोज पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, बाराचे तीन फेरे. टाचेची शीर तुटण्यापासून वाचवायला एवढा साधा व्यायाम दुसरा नाही. बीपी, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरायचं नाही, मग तो शाळेचा कॅप्टन का असेना.

माळ्यावरचे जुने बूट काढणाऱ्यांना आधीच सांगा: वर्षानुवर्षं पडून राहिलेला सोल वरून धडधाकट दिसतो आणि पहिल्या किकला सुटतो. वाळलेल्या मैदानावर लांब स्टडही नकोत, बारीक रबरी दाण्यांचे टर्फ शूज घ्या आणि आठवडाभर आधी वापरा. शिनगार्ड सक्तीचे.

संघ, नियम आणि सरांचं काम

बॅचविरुद्ध बॅच लावली तर इरेला पेटतात. पेठेवरून वाटणी तर मुळीच नको. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालीम संघांची चुरस शाहू स्टेडियमवर ठीक आहे. सरांना आदल्या दिवशी मोठ्या अक्षरांतली यादी पाठवा: नाव, साल, जागा, आणि "गुडघा दुखतो" यासारखी एक नोंद. दोन्ही संघ सरच निवडतील. प्रत्येक संघात बारा-तेरा जण, बदल कितीही वेळा. वर्गमैत्रिणींना खेळायचं असेल तर त्यांचं नाव याच यादीत. नाश्त्याची जबाबदारी त्यांच्यावर ढकलू नका.

दहा-दहा मिनिटांचे चार डाव, मधे तीन-तीन मिनिटं. स्लाइड टॅकल बंद, मागून धरणं बंद. धावायला बाहेरचा पंच आणा. सर पहिली शिट्टी वाजवतील (शिट्टी नवी, धुतलेली) आणि प्रत्येक विश्रांतीत दोन्ही संघांना समोर घेऊन काय चुकलं ते सांगतील. भाषणाला उभं केलं तर जे सर दोन वाक्यांत आटोपतात, तेच इथं नावानिशी झापतात. सगळे त्याचसाठी आलेले असतात. कोण आत, कोण बाहेर हेही तेच ठरवतील.

सरांची खुर्ची हाताची, टणक, मैदानाच्या पूर्वेच्या कडेला, म्हणजे सकाळचं ऊन पाठीवर येतं आणि खेळ स्पष्ट दिसतो. वर छत्री किंवा मांडव, शेजारी आणखी एक खुर्ची रिकामी. त्या खुर्चीवर पाच-पाच मिनिटं कोण बसणार, याची पाळी लावा. नाहीतर तीन जण घोळका करतात आणि बाकीचे लांबून हात जोडतात.

त्या दिवशी

पावणेसातला मैदान तपासणं, साडेसातला वॉर्म-अप, आठला सर, सव्वाआठला शिट्टी. सरांना आणायला गाडी आणि एक ठरलेला माणूस, परत पोहोचवायलाही तोच. वॉर्म-अप वीस मिनिटं: हळू धावणं, कंबर आणि पाय फिरवणं, आडवी धाव, शेवटी जोराच्या चार धावा. थंड अंगानं नुसतं ताणत बसू नका.

दर माणशी लिटरभर पाणी, शिवाय ओआरएस. पाकीट लिहिलेल्या मापातच मिसळा, बहुतेक मोठी पाकिटं एक लिटरची असतात. बर्फ पाच किलो, कापडात गुंडाळून पंधरा मिनिटं लावायचा, थेट कातडीवर नाही. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, गरगरणं, यातलं काहीही झालं तर खेळ तिथंच थांबवून १०८. माणूस कोसळला आणि श्वास नीट नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचं. हे येणारे दोघं तरी आधी ठरवून ठेवा.

सत्कार दहा मिनिटांत उरका. फेटा सैल बांधायला सांगा. घट्ट फेट्यानं म्हाताऱ्या माणसाचं डोकं ठणकतं आणि संकोचानं ते सांगत नाहीत. मिसळ सामन्यानंतरच. सरांसाठी कट न घातलेलं काहीतरी, इडली किंवा मऊ उप्पीट.

भेट म्हणून सगळ्यांच्या सह्यांचा बॉल द्यायचा तर सह्या सामन्याआधी, कोरड्या बॉलवर, पेंट मार्करनं घ्या आणि तासभर हात लावू नका. तो बॉल खेळायला वापरायचा नाही.

उरलेल्या पैशांतून शाळेला बॉल द्या: हायस्कूलला ५ नंबर, पाचवी ते सातवीच्या मुलांना ४ नंबर. सोबत पंप आणि सुया डझनभर, कारण आधी हरवते ती सुईच. सुई ओली करून घालायची, हेही पी.टी.च्या सध्याच्या सरांना सांगून ठेवा. कोरडी घातली की व्हॉल्व्ह फाटतो आणि नवा बॉल महिन्यात कपाटात जातो.