गॅरेजच्या हीटरमध्ये अॅडिटिव्ह ओतताना या चुका टाळा

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याची बातमी आली, की पाचगणी-वाईकडच्या गॅरेजांतले रॉकेल-डिझेलवरचे ब्लोअर हीटर बाहेर निघतात. आणि उन्हाळा-पावसाळा कोपऱ्यात पडून राहिलेला हीटर नीट पेटला नाही, तर फळीवरची अॅडिटिव्हची, म्हणजे इंधनात मिसळायच्या रसायनाची, बाटली त्याच्या टाकीत ओतली जाते. यांतली बहुतेक रसायने डिझेल इंजिनासाठी बनवलेली असतात. सीटेन (डिझेल किती चटकन पेटते याचे माप) वाढवणारे रसायन दाबाने तापलेल्या हवेत डिझेल चटकन पेटावे म्हणून असते, तर हीटरमध्ये तसा दाबच नसतो. तिथे नोझलमधून उडालेला फवारा ठिणगीने पेटतो. डिझेल गोठू नये म्हणून मिळणारे रसायनही आपल्याकडे क्वचितच लागते, कारण भारतीय मानकानुसार हिवाळी डिझेल 6 अंश सेल्सिअसपर्यंत फिल्टरमधून जावे लागते. शिवाय थंडीने डिझेलमध्ये मेण एकदा धरले, की ते या रसायनाने विरघळत नाही.

सर्वांत घातक चूक म्हणजे ‘लवकर पेटावा’ म्हणून रॉकेलमध्ये पेट्रोल मिसळणे. मानकाप्रमाणे रॉकेलचा ज्वलनबिंदू (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते) किमान 35 अंश असतो, म्हणजे थंड गॅरेजमध्ये त्याच्या वाफेला सहसा आग लागत नाही; पेट्रोलचा मात्र सुमारे उणे 40 असल्याने कडाक्याच्या थंडीतही त्याची वाफ पेट घेते. टाकी हीटरच्या पोटाखालीच असते आणि चालू असताना तीही कोमट होते, त्यामुळे पेल्याभर पेट्रोलनेसुद्धा भडका उडू शकतो. चुकून मिसळले गेलेच, तर ते इंधन हीटरमध्ये वापरूच नये. टू-स्ट्रोकचे ऑइल मिसळणेही चुकीचे आहे, कारण ते धूर करते आणि मागे काजळी ठेवते. वातीच्या हीटरची वात तर त्याने लवकरच कडक होते.

आमच्या गॅरेजमधला हीटर दोन वर्षांपूर्वी सारखा फुरफुरून विझत असे आणि मीही आधी बाटलीच आणली होती. शेवटी कॅनच्या तळातले रॉकेल काचेच्या बरणीत ओतून उजेडात धरले, तेव्हा तळाशी पाण्याचे दोन टपोरे गोळे आणि गंजाची तांबूस भुकटी स्पष्ट दिसली. टाकी रिकामी करून पुसली, फिल्टर धुतला, गाळलेले ताजे रॉकेल भरले आणि हीटर एकसारखा पेटू लागला.

म्हणून आधी लक्षण पाहावे. पेटून काही सेकंदांत बंद पडत असेल, तर ज्योत ओळखणाऱ्या फोटोसेलच्या काचेवरची काजळी मऊ कापडाने पुसावी. पांढरा धूर आणि कच्च्या रॉकेलचा वास येत असेल, तर हवेचा फिल्टर, नोझल आणि पंपाचा दाब तपासावा; दाबाचा आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतूनच घ्यावा, अंदाजाने स्क्रू फिरवू नये. ही कामे हीटर पूर्ण थंड झाल्यावर आणि प्लग काढूनच करावीत.

रॉकेलचा वास झाकणारी सुगंधी रसायने मला विशेष धोक्याची वाटतात. ज्वलन बिघडले की तयार होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला स्वतःचा वास नसतो; ज्वलन बिघडल्याची आपल्याला मिळणारी खूण म्हणजे कच्च्या रॉकेलचा तो उग्र वास, आणि आपण तोच झाकून टाकतो. शटर वीतभर उघडे आणि समोरची खिडकी मोकळी ठेवावी, थिनर किंवा रंगाचे काम चालू असताना हीटर पेटवू नये, आणि डोके जड झाले किंवा मळमळले, तर काम तिथेच टाकून सर्वांनी बाहेर मोकळ्या हवेत यावे.