कोल्हापूरच्या पावसात घरातलं कासव कसं सांभाळायचं

बरेच जण पहिलं विचारतात की टँक केवढा घेऊ. त्याच्या आधी तुमच्याकडं जे कासव आहे ते नक्की कुठलं आहे ते बघा, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. डोळ्याच्या मागं लाल पट्टा, मानेवर-पायांवर हिरव्या पिवळ्या रेघा, पोटाकडचं कवच पिवळं आणि त्यावर काळे डाग, असं असेल तर ते रेड इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं, आणि पेट शॉपमध्ये छोट्या बाऊलमध्ये ठेवून विकतात ते जवळजवळ नेहमी हेच. हे घरी ठेवता येतं.

पण पाठीवर चांदणीसारख्या पिवळ्या रेघा असलेलं जमिनीवरचं कासव असेल, म्हणजे स्टार कासव, तर ते घरात ठेवणं सरळ गुन्हा आहे, कुणी गिफ्ट दिलेलं असलं तरी. तसंच पावसाळ्यात ओढ्याकाठी, विहिरीत, शेतात सापडतं ते चामड्यासारख्या मऊ पाठीचं, टोकदार नाकाचं कासव, किंवा काळं, पाठीवर तीन उभे कंगोरे असलेलं, ही सगळी आपल्याकडची जंगली कासवं, ती पण पाळायची नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात २०२२ ला दुरुस्ती झाली आणि शेड्यूल एक मधल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या यादीतल्या, प्राण्यासाठी ३ ते ७ वर्षं जेल आणि कमीत कमी २५ हजार दंड आहे. स्टार कासव आणि ते मऊ पाठीचं कासव दोन्ही शेड्यूल एक मध्ये येतात. असं कासव घरात आलंच असेल तर वन विभागाच्या हेल्पलाईनला १९२६ वर फोन करा आणि त्यांच्या ताब्यात द्या. स्वतःच गाडीत घालून राधानगरीच्या जंगलात सोडायला जाऊ नका, ते कुठल्या भागातलं आहे, आजारी आहे का, हे बघूनच सोडावं लागतं. रस्ता ओलांडताना दिसलं तर ते ज्या बाजूला चाललं होतं त्याच बाजूला नेऊन ठेवायचं, बास, घरी आणायचं नाही.

आणि वीस नखाचं कासव, पैशाचा पाऊस, घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते, हे सगळं डोक्यातून काढा. या नादापायी हजारो कासवं पकडली जातात, पोत्यात भरून विकली जातात. वास्तूसाठी पाहिजेच असेल तर पितळेचं ठेवा, त्यात कुणाचा जीव जात नाही.

बाहेरच्या देशातली मोठी जमिनीवरची कासवं, सुलकाटा वगैरे, मोठ्या शहरातून मागवणारे पण आता दिसतात. ही साइट्स (CITES) म्हणजे धोक्यातल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीतली आहेत, २०२४ च्या नियमाप्रमाणं केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, कासव ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत. कायद्याचं बाजूला ठेवलं तरी सुलकाटा म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातला प्राणी, वजन ५० किलोच्या पुढं जाऊ शकतं, त्याला आपल्या जुलैतल्या चिखलात आणि दमट हवेत ठेवायचं म्हणजे त्याचे हाल आहेत. माझं मत विचाराल तर कोल्हापुरात आणूच नये. म्हणून इथून पुढं फक्त स्लायडरचं बोलतो.

दुकानात मिळतं ते पिल्लू दीड इंचाचं असतं. मादी वाढून १० ते १२ इंच होते, नर थोडा लहान राहतो, आणि नीट ठेवलं तर २०-३० वर्षं जगतं, जास्त पण. आत्ता पाचवीतल्या पोराच्या हट्टासाठी घेताय तर ते पोरगं शिकून पुण्याला नोकरीला गेल्यावर पण कासव तुमच्याच घरात असणार आहे, हे आधी घरातल्या सगळ्यांनी बसून मान्य करा. आणि "बाऊलमध्ये ठेवा, वाढत नाही" असं कुणी सांगितलं तर त्या दुकानातून काही घेऊ नका. ते वाढतच असतं, जागा आणि ऊन नसलं की वाकडं वाढतं, कवच मऊ पडतं आणि हळूहळू मरतं.

आता मुख्य मुद्दा, ऊन. कासव उन्हात बसतं ते नुसतं शेकायला नाही. उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी त्याच्या अंगात व्हिटॅमिन डी तयार होतं, त्याच्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडात आणि कवचात जातच नाही. म्हणजे तुम्ही कितीही भारी खाऊ घातलं तरी ऊन नसेल तर कवच मऊ पडणार. आपल्याकडं ऑक्टोबर ते मे प्रश्न नाही, गच्चीवर सकाळचं ऊन भरपूर. पण एकदा जूनमध्ये पावसाला सुरुवात झाली की सप्टेंबरपर्यंत कित्येक दिवस सूर्यच दिसत नाही, आणि गच्चीच्या भरवशावर राहिलेली कासवं नेमकी ह्याच महिन्यांत आजारी पडतात, खाणं सोडतात, डोळे मिटून बसतात. म्हणून यूव्हीबी ट्यूब ही हौस नाही, ती लागतेच. साधा एलईडी बल्ब किंवा घरातली ट्यूबलाईट यूव्हीबी देत नाही. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हातलं यूव्हीबी काच अडवते, म्हणून खिडकीत ठेवलंय हे उत्तर नाही. रेप्टाइलसाठीची यूव्हीबी ट्यूब घ्या, बसायच्या जागेपासून साधारण २० ते ३० सेंटीमीटरवर लावा, मध्ये काच किंवा प्लास्टिक नको, दिवसाला १० ते १२ तास चालू. ट्यूब दिसायला पेटते पण आतलं यूव्हीबी कमी होत जातं, त्यामुळं ६ महिने ते वर्षात बदलायची, कंपनी काय सांगते ते पाकिटावर बघा आणि लावलेली तारीख ट्यूबवर मार्करनं लिहून ठेवा. मी तर म्हणेन मे संपायच्या आत नवी ट्यूब लावून मोकळं व्हा, म्हणजे पावसाळा नव्या ट्यूबवर जातो.

त्याच्या शेजारी एक साधा पिवळा बल्ब किंवा हॅलोजन उष्णतेसाठी. बसायची जागा पूर्ण कोरडी पाहिजे आणि तिथं ३० ते ३५ डिग्री पाहिजे, अंदाजानं नाही, थर्मामीटर ठेवून बघा. चढायला उतार द्या, खरखरीत, गुळगुळीत फरशीवरून कासव घसरतं. प्लॅटफॉर्म त्याच्या वजनानं पाण्यात बुडत नाही ना ते बघा, पिल्लाला चाललेला तरंगता प्लॅटफॉर्म दोन वर्षांनी बुडतो.

गच्चीवर ऊन द्यायचं तर काचेच्या टँकमध्ये कधीच नाही, एप्रिलच्या उन्हात त्यातलं पाणी थोड्या वेळात कढत होतं आणि कासव त्यातच मरतं. मोठा प्लास्टिकचा टब घ्या, अर्धा भाग सावलीत, थोडं पाणी, सकाळचा अर्धा तास पुरतो. वर जाळी टाका, कावळे आणि मांजरं पिल्लू उचलतात, आणि कासव चढतं, कठड्यावरून खाली पडलेली कासवं असतात. तिथंच बसून राहा, फोन घ्यायला खाली जाऊ नका.

टँकचा हिशोब साधा आहे, कवचाच्या एका इंचाला साधारण ४० लिटर पाणी. म्हणजे ६ इंचाच्या कासवाला अडीचशे लिटरच्या आसपास, ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. एवढा काचेचा टँक महाग पडतो आणि भरल्यावर अडीचशे किलोच्या वर जातो, जुन्या वाड्यात लाकडी माडीवर ठेवत असाल तर आधी विचार करा. आपल्याकडं त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे पाण्याची जुनी प्लास्टिकची टाकी अर्धी कापून घ्यायची, किंवा परसात हौद असेल तर तो. दिसायला काचेसारखं नाही पण कासवाला दिसण्याशी काय घेणं, त्याला पोहायला जागा पाहिजे. तळाला बारीक खडे घालू नका, खडे गिळतात आणि आतडं तुंबतं. घालायचेच तर त्याच्या डोक्यापेक्षा मोठे नदीतले गोटे, नाहीतर तळ मोकळा ठेवा, साफ करायला पण बरा.

पाणी घाण लवकर होतं, माशापेक्षा कितीतरी जास्त. माशांच्या टँकचा छोटा फिल्टर पुरत नाही, कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टँकच्या बाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर, घ्या आणि टँकच्या दुप्पट-तिप्पट पाण्यासाठी लिहिलेला घ्या. तरी आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलायचं. नळाचं पाणी एक दिवस बादलीत भरून ठेवा म्हणजे क्लोरीन उडतं, आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा, त्यातले चांगले जीवाणू मरू द्यायचे नाहीत. पाण्याला वास यायला लागला म्हणजे उशीर झाला असं समजा.

डिसेंबर-जानेवारीत रात्री आपल्याकडं १४-१५ डिग्रीपर्यंत उतरतं, तेव्हा हीटर लागतो. पाणी मोठ्या कासवाला २४ ते २६, पिल्लाला २६ ते २८ डिग्री, लिटरला साधारण एक वॉट या हिशोबानं हीटर घ्या, आणि त्याच्यावर प्लास्टिकची जाळी लावा, कासव काचेचा हीटर फोडतं आणि मग करंटचा धोका. पाण्यात हात घालायच्या आधी स्विच बंद, दरवेळी. थंडीत कासव सुस्त पडलं तर "ते झोपलंय, थंडीत झोपतात" म्हणून सोडून देऊ नका, अर्धवट थंडीत पोटातलं अन्न पचत नाही आणि ते आतल्या आत आजारी पडतं. लाईट काही तास गेली तर घाबरायचं कारण नाही, फक्त पाणी थंड असताना खायला घालू नका.

खाण्यात सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्या प्रेमापोटी होतात. चपातीचा तुकडा, भात, पाव, दूध, रविवारी मटणातला तुकडा, हे सगळं बंद. सुकट पण नको, तिच्यात मीठ असतं. दुकानातला वाळलेल्या कोळंबीचा डबा म्हणजे जेवण नाही, त्याच्यावरच वाढवलेल्या कासवाला व्हिटॅमिन ए कमी पडतं आणि डोळे सुजतात. चांगले टर्टल पेलेट्स, म्हणजे कासवांसाठीचे तयार दाणे, आधाराला ठेवा, एका वेळी त्याच्या डोक्याएवढेच. पिल्लाला रोज, सोबत गांडूळ किंवा छोटा ताजा मासा. मोठं झालं की आठवड्यातून तीन वेळा पेलेट्स आणि बाकी पाला, मोठ्या स्लायडरचं अर्ध्याहून जास्त खाणं हिरवं पाहिजे. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं आणि फुलं, थोडी मेथी, कोथिंबीर, किसलेलं गाजर, लाल भोपळा. पालक, अळू टाळा, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. मार्केटमधली भाजी असेल तर भिजत घालून दोन पाण्यातून धुवा. समुद्रफेन पक्ष्यांच्या दुकानात मिळतं, त्याचा तुकडा पाण्यात टाकून ठेवा, कुरतडत राहतं. आणि खायला पाण्यातच द्यायचं, त्याला पाण्याबाहेर घास गिळता येत नाही.

मादी असेल तर एक गोष्ट फार जणांना माहीत नसते, नर नसला तरी ती अंडी घालते. अचानक खाणं सोडलं, टँकच्या भिंतीवर सारखी धडपडते, कोरड्या जागेवर मागच्या पायांनी उकरते, असं दिसलं की फुटभर खोल ओलसर वाळू-माती भरलेला टब द्या आणि तिला एकटं सोडा. जागा नाही मिळाली तर अंडी आत अडकतात आणि जीव जातो. नर-मादी ओळखायचं तर नराची पुढची नखं लांब आणि शेपटी जाड लांब, पण हे ४ इंचाच्या आत कळत नाही.

डॉक्टरकडं कधी जायचं: नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, पोहताना एका बाजूला कलणं, हा न्यूमोनिया असू शकतो, थांबू नका. डोळे सुजून बंद, कवचावर खड्डे आणि घाण वास, कवच दाबल्यावर मऊ, हे पण तसंच. पातळ पापुद्रे निघणं मात्र नॉर्मल आहे, ते ओढून काढू नका. कवचाला खोबरेल तेल, हळद, रंग काही लावायचं नाही. कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर चालतो पण आधी विचारा की कासवं बघता का, आणि आयव्हरमेक्टिन हे इंजेक्शन कासवाला द्यायचं नाही, ते विषारी ठरतं, हे नाव कागदावर लिहून घेऊन जा. सांगायला संकोच करू नका, चांगला डॉक्टर रागवत नाही.

कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जीवाणू असू शकतो, दिसायला कासव ठणठणीत असलं तरी. हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे, टँकचं सामान स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचं नाही, पाच वर्षांखालच्या पोरांच्या हातात द्यायचं नाही. अमेरिकेत याच कारणानं ४ इंचाहून लहान कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे.

शेवटी, नाही जमलं तर. बदली झाली, घर लहान आहे, कासव मोठं झालं, काहीही असेल, पण रंकाळ्यात, कळंब्यात किंवा पंचगंगेत सोडायचं नाही, देवाच्या नावानं घाटावर तर अजिबात नाही. स्लायडर जगातल्या सगळ्यात त्रासदायक १०० परक्या प्रजातींच्या यादीत आहे. ते आपल्याकडच्या कासवांच्या ऊन खायच्या जागा आणि खाणं घेतं, आजार पसरवतं, आणि पंचगंगेत सोडलेलं नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जातं, तिथून पुढं त्याला अडवणारं कोणी नाही. त्या कृष्णेच्या खोऱ्यात लीथचं मऊ पाठीचं मोठं कासव आहे, ते फक्त आपल्या दक्षिणेकडच्या नद्यांत मिळतं आणि आधीच संपत चाललंय. त्यामुळं दुसरा पाळणारा शोधा, आपल्या ओळखीत, मत्स्यालय ठेवणाऱ्यांच्यात विचारा, वेळ लागला तर लागू दे. देताना फुकट द्या आणि टँक, फिल्टर, ट्यूब सगळं सोबत द्या, नाहीतर नवीन माणूस परत बाऊलवरच येतो. घेणाऱ्याकडं जाऊन जागा बघून या, आणि ट्यूब शेवटची कधी बदलली ते त्याला लिहून द्या.