नसेच्या ब्लॉकला जाण्याआधी

आप्पांना पहिल्यांदा ब्लॉकसाठी, म्हणजे मणक्यातली नस थोडा वेळ बधिर करून बघायच्या इंजेक्शनसाठी नेलं, त्या सकाळी मी त्यांना रोजची दुखण्याची गोळी दिली होती. गाडीत हाल नकोत म्हणून. टेबलावर डॉक्टरांनी विचारलं, "आप्पा, पाय आत्ता किती दुखतोय, दहापैकी?" ते म्हणाले, "दोन." इंजेक्शन झाल्यावर पुन्हा विचारलं, तर "एक." या दोनावरून एकावर येण्यातून काय निदान निघणार? मी स्वतः सिस्टर. तरीही हे माझ्या लक्षात आलं नाही, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला तीन आठवड्यांनी पुन्हा त्याच टेबलावर पालथं झोपावं लागलं. तेव्हापासून आमच्या स्पाइन ओपीडीत ज्याला ब्लॉकची तारीख मिळते, त्याला मी शेजारी बसवून हे सगळं सांगते.

आधी हे समजून घ्या की ब्लॉक कशासाठी आहे. साठीनंतर एमआरआय काढला की 'गॅप', म्हणजे मणक्यांमधली झीज, एकाच ठिकाणी क्वचित निघतो. एल-३-४, एल-४-५, एल-५-एस-१ (एल म्हणजे कमरेचे मणके, एस म्हणजे त्यांच्याखालचं हाड), सगळीकडे काही ना काही लिहिलेलं असतं. १९९० साली अमेरिकेत ६७ जणांचे एमआरआय तपासले गेले, ज्यांना पाठीचा कसलाच त्रास नव्हता. त्यातल्या साठीपुढच्या निम्म्याहून अधिक लोकांच्या मणक्यांत दोष दिसले. म्हणजे फोटोत झीज आहे एवढ्यावरून दुखणं तिथलंच आहे, असं म्हणता येत नाही. म्हणून सी-आर्मच्या, म्हणजे टेबलाशीच चालू चित्र दाखवणाऱ्या यंत्राच्या, एक्स-रेखाली सुई संशयित नसेच्या मुळाशी नेतात, डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) टाकून जागा बरोबर आहे ना ते बघतात आणि साधारण एक मिली बधिर करणारं औषध सोडतात. औषध जाणूनबुजून थोडं असतं. जास्त घातलं तर शेजारच्या नसेपर्यंत पसरतं आणि उत्तर गढूळ होतं. टोरांटोचे सर्जन इयन मॅकनॅब यांनी ही पद्धत १९७१ साली मांडली. पायाची कळ तेवढ्या वेळापुरती थांबली, तर त्रास देणारी नस बहुतेक तीच, आणि सर्जनला नेमकी तीच मोकळी करण्याचा विचार करता येतो.

तेव्हा तयारीची सुरुवात तुमच्या पायापासून करा. आठवडाभर आधी कळ कुठून कुठे जाते ते बोटाने दाखवा आणि घरच्या कुणाला तरी कागदावर काढायला सांगा. नडगीच्या आतल्या बाजूने उतरली तर बहुधा एल-४ ची नस, पोटरीच्या बाहेरून पावलाच्या वर आणि अंगठ्यापर्यंत गेली तर एल-५, पोटरीच्या मागून टाच, तळवा, करंगळीकडे गेली तर एस-१. "पाय दुखतो" एवढंच सांगू नका. एल-४-५ या दोन मणक्यांमधली एकच गादी (डिस्क) मधल्या पोकळीत सरकली तर एल-५ ला दाबते आणि बाहेरच्या छिद्रापाशी सरकली तर एल-४ ला. गादी तीच, पण ऑपरेशनची जागा वेगळी. हा फरक कधी कधी तुमच्या अंगठ्यातल्या मुंग्या फिल्मपेक्षा लवकर सांगतात.

एमआरआयची फिल्म, सीडी आणि उभ्याने काढलेले एक्स-रे सगळे बरोबर न्या, नुसता रिपोर्ट नको. काही जणांचा कमरेचा शेवटचा मणका माकडहाडाच्या वरच्या हाडाला जुळलेला असतो, तर काहींना एक मणका जास्तीचा असल्यासारखा दिसतो. अशा वेळी मोजणी चुकते. रिपोर्टमधला एल-५ आणि सी-आर्मवरचा एल-५ एकच आहे ना, हे डॉक्टरांना बिनधास्त विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

औषधांबाबत मात्र स्वतःच्या मनाने काहीही करू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तारीख घेतानाच सांगा. क्लोपिडोग्रेल सहसा आठवडाभर, वॉरफॅरिन पाचेक दिवस आधी थांबवतात आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) बघतात; पण स्टेंट बसवलेल्या माणसाची गोळी हृदयाच्या डॉक्टरांच्या लेखी होकाराशिवाय एक दिवससुद्धा बंद करायची नाही. मधुमेह असेल आणि इंजेक्शनात स्टिरॉइड (सूज कमी करणारं औषध) असेल तर पुढचे काही दिवस साखर चढते, ग्लुकोमीटर हाताशी ठेवा. ताप, लघवीचा संसर्ग, कमरेवर गळू, डाय किंवा भुलीच्या औषधाची अ‍ॅलर्जी, गरोदरपणाची शक्यता: हे सगळं आधीच कळवायचं.

आणि ती दुखण्याची गोळी. सकाळची घ्यायची की नाही, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. निदानासाठी ब्लॉक असेल तर बहुतेक वेळा नको म्हणतात, कारण दुखणं असेल तरच ते गेलं की नाही हे कळतं. गुंगीचं इंजेक्शनही शक्यतो नको. गुंगीत माणूस काहीही आकडा सांगतो.

त्या दिवशी वही-पेन आणि सोबतीला माणूस हवाच. आमच्याकडे एक काकू यायच्या, नेहमी कॉरिडॉरच्या चौथ्या खांबाशी थांबून भिंत धरायच्या. ब्लॉकनंतर अर्ध्या तासाने मी त्यांना हाताला धरून चालवलं. सातव्या खांबाशी पोचल्यावर त्यांनीच मागे वळून बघितलं. असं मोजता येणारं एखादं काम आधी ठरवून ठेवा: चालणं, वाकणं, पाच मिनिटं उभं राहणं. इंजेक्शनच्या आधी, मग पंधरा मिनिटांनी, अर्ध्या तासाने आणि रात्रीपर्यंत दर तासाला आकडा लिहा. बधिर करणाऱ्या औषधांपैकी लिग्नोकेनचा असर दोनेक तासांत ओसरतो, बुपिव्हाकेनचा बराच जास्त टिकतो. पाय काही तास जड किंवा लुळा वाटू शकतो. जिना एकट्याने उतरू नका, गाडी चालवू नका.

स्टिरॉइड मिसळलं असेल तर त्याचा आराम दोन-तीन दिवसांनी सुरू होतो, तो वेगळा लिहा. तोही मोलाचा असतो. ऑपरेशनच्या उंबरठ्यावरच्या ५५ रुग्णांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. स्टिरॉइड मिळालेल्या २८ जणांपैकी २० जणांनी पुढे ऑपरेशन केलं नाही. नुसत्या बधिरीच्या औषधावर २७ पैकी ९ जणांनी.

आराम अजिबात पडला नाही तरी खेप वाया गेली असं समजू नका. मग खुब्याचा सांधा, पायाच्या रक्तवाहिन्या, मधुमेहाने झालेली नसांची इजा किंवा दुसरी नस यांच्याकडे बघायचं असतं. फक्त कंबर दुखते, पायात काहीच उतरत नाही, अशांना या ब्लॉकमधून फारसं उत्तर मिळत नाही.

लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर ब्लॉकची तारीख बघत बसू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी इमर्जन्सीत जा. ब्लॉकनंतर ताप, वाढती कमजोरी किंवा उठून बसलं की चढणारी डोकेदुखी आली तरी लगेच कळवा.

दुसऱ्या खेपेला आप्पांचे आकडे लिहिलेला कागद म्हणजे कालनिर्णयाचं मागच्या महिन्याचं फाडलेलं पान होतं. त्याच्या समासात आईच्या अक्षरात होतं: आधी ८, पंधरा मिनिटांनी १, मग १, २, ४, रात्री पुन्हा ८. ब्लॉक एल-५ चा होता. सर्जननी ते पान फिल्मशेजारी ठेवलं. आधी तीन मणक्यांत स्क्रू घालायची चर्चा चालली होती, त्या दिवशी त्यांनी एल-४-५ ला एक छोटी रेघ मारली आणि म्हणाले, "एवढंच मोकळं करू."