सोलला निघालात? यादीत जागेपुढे वार लिहा

पुण्याजवळच्या चाकण-रांजणगाव पट्ट्यातल्या कोरियन कंपन्यांत नोकरी असली की ओळखीतलं कोणी ना कोणी कोरियाला जातंच, आणि आता तर के-ड्रामावाली पोरं आईबाबांनाच घेऊन निघालीयेत, त्यामुळे मला सारखे मेसेज येतात की अगं सोलमधे काय बघू, काय घेऊ. एकदाचं लिहूनच टाकते.

जागांची यादी सगळेच करतात, पण तुम्ही प्रत्येक नावापुढे वार आणि वेळ पण लिहा. आपल्या पुण्यातल्या दुकानांच्या दुपारी एक ते चार बंदला जग हसतं, पण तिकडेही प्रत्येक ठिकाणाचं आपलं वेगळं घड्याळ आहे. ग्योंगबोकगुंग, म्हणजे १३९५ सालचा मुख्य राजवाडा, मंगळवारी बंद असतो. मी आईला घेऊन नेमकी मंगळवारी गेले, बंद दाराचे फोटो काढले आणि वर आईचं "आधी बघायचं नाही का" ऐकून घेतलं. चांगदोकगुंग हा दुसरा राजवाडा सोमवारी बंद, म्हणजे एक बंद असेल तेव्हा दुसरा उघडा सापडतो. मला विचाराल तर दुसराच जास्त आवडला, त्याच्या मागच्या बागेचं तिकीट मात्र वेगळं असतं आणि लवकर संपतं, आधी ऑनलाइन काढा.

ग्योंगबोकगुंगचं तिकीट ३००० वॉन, हॅनबोक, म्हणजे त्यांचा पारंपरिक पोशाख, घालून गेलात तर फुकट. (हजार वॉन म्हणजे साठेक रुपये धरा.) आता लगेच पुणेरी हिशोब करू नका, कपड्याचं भाडं तिकिटाच्या कितीतरी पट आहे, ते फोटोंसाठी घ्यायचं. दहाच्या किंवा दोनच्या सुमाराला पहारा बदलतो तो बघून मग बुकचोनला जा, जुन्या हानोक घरांची गल्ली. तिथे लोक खरोखर राहतात, त्यामुळे मुख्य भागात पर्यटकांना सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढीच वेळ आहे, नंतर फिरताना सापडलात तर एक लाख वॉन दंड. सदाशिव पेठेतल्या एखाद्या वाड्याच्या दारात रोज शंभर जण रील काढायला आले असते तर पाटी लागलीच असती, दंडाआधी.

फिरायला टी-मनी कार्ड घ्या, बस-मेट्रोचं रिचार्जवालं, सीयू किंवा जीएस२५ अशा कुठल्याही छोट्या दुकानात मिळतं, रिचार्जसाठी रोख जवळ ठेवा. बसमधून उतरताना पण कार्ड टॅप करायचं, नाहीतर पुढच्या मेट्रोला ट्रान्सफरची सवलत मिळत नाही. आपला नेहमीचा मॅप चालायचा रस्ता नीट दाखवेना, म्हणून नेव्हर (Naver) मॅप हे तिकडचं ॲप टाकून घेतलं. आणि मेट्रो स्टेशनच्या नावासोबत एक्झिट नंबर पण लिहून घ्या, चुकीच्या एक्झिटने बाहेर पडलात की आठ पदरी रस्त्याच्या पलीकडे उगवता.

आता खरेदी. म्योंगदोंग म्हणजे दिवाळीतला लक्ष्मी रोड, फक्त साड्यांऐवजी सनस्क्रीन आणि शीट मास्क. खाण्याच्या गाड्या संध्याकाळी लागतात, म्हणून दुपारी जाऊन काही मजा नाही. पहिल्याच दिवशी बॅग भरू नका, तीच क्रीम शहरभर मिळते. जास्त घेतलंत की सॅम्पलं फुकट देतात, त्याला ते "सर्व्हिस" म्हणतात, तेव्हा काउंटरवरची मुलगी "सर्व्हिस, सर्व्हिस" म्हणाली तर बिल वाढलं असं समजून घाबरू नका.

कपडे हवे असतील तर एक्सप्रेस बस टर्मिनल स्टेशनखालचं गोटो मॉल, जमिनीखाली दुकानांच्या लांबच लांब रांगा. पण बऱ्याच ठिकाणी ट्रायल नाही, परत घेणं नाही, आणि "फ्री साइज" म्हणजे त्यांची साइज, आपली नाही. दोंगदेमुन बाजारातले होलसेलवाले रात्री जागे होतात, नामदेमुनला रविवारी बरीच दुकानं बंद. घासाघीस नामदेमुनसारख्या बाजारातच, किंमत छापलेल्या दुकानात नाही, आणि तुळशीबागेसारखं निम्म्यावरून सुरू करू नका. हसून "कक्का जुसेयो" म्हणा, म्हणजे थोडं कमी करा, रोख देणार असाल तर कधी कधी करतात.

ग्वांगजांग मार्केट मात्र चुकवू नका, १९०५ पासूनचा बाजार आहे. आत एका गाडीवर दगडी जातं फिरत होतं, भिजवलेल्या मुगाचं पीठ बाजूने ओघळत होतं, मावशी त्यात मोड आलेले मूग घालून भरपूर तेलात डावाने पसरत होत्या, कडा कुरकुरीत झाल्या की उलटायच्या. आई म्हणाली, हे तर धिरडं! बिंदेत्तोक म्हणतात. शाकाहारी असाल तर आधी विचाराच, कारण पिठात किंवा तेलात डुकराचं असू शकतं, "गोगी" म्हणजे मांस एवढा एक शब्द पाठ करा. आणि भाजीच्या सुपातही बरेचदा माशांचंच पाणी असतं. गाडीवरच्या बाईंना लोक "इमो" अशी हाक मारतात, अर्थ अगदी मावशीच, आईची बहीण. आईने दोनदा तशी हाक मारून बघितली, तिसऱ्यांदा कांद्याचं लोणचं जास्त आलं.

टॅक्स रिफंडसाठी पासपोर्ट रोज जवळ ठेवा, एका बिलात १५,००० वॉनची खरेदी झाली की मिळतो, काही दुकानं तिथेच वजा करून देतात. बाकीच्या पावत्या एका पाकिटात ठेवा आणि तो माल चेक-इन बॅगेच्या तळाशी कोंबू नका, विमानतळावर कस्टमवाले दाखवा म्हणाले तर बॅग सोडण्याआधीच दाखवावा लागतो.