पंचनामा लिहिताना या चुका टाळा

पंचनाम्याची खरी परीक्षा कोर्टात होते, तीही बहुतेक वेळा काही वर्षांनी. तोवर जागा बदललेली असते, पंचाला नीट आठवत नसतं. ज्याने जागा पाहिलीच नाही त्याला ती कागदावरून दिसली पाहिजे.

सगळ्यात महागात पडतं ते दिसलेलं सोडून निष्कर्ष लिहिणं. "आरोपीने मयतास भोसकलेला, रक्ताने माखलेला चाकू मिळून आला." आता पंचांनी भोसकताना पाहिलेलं नाही, वार याच चाकूचा हे त्यांना माहीत नाही आणि डाग रक्ताचे आहेत हेही ते सांगू शकत नाहीत. उलटतपासणीत हे वाक्य टिकत नाही. त्याऐवजी लिहा: "स्वयंपाकघराच्या ओट्याच्या पूर्व टोकापासून ४० सें.मी. दक्षिणेस, फरशीवर लाकडी मुठीचा लोखंडी चाकू. पाते १४ सें.मी., मूठ १० सें.मी. पात्याच्या टोकाकडे रक्तासारखे तांबूस डाग." ते रक्त आहे का, माणसाचं आहे का, हे प्रयोगशाळा सांगेल. दागिन्यांनाही हाच नियम: तपासणी होईपर्यंत "पिवळ्या धातूची साखळी".

मापं टेपने घ्या, पावलांनी नको. तीही हलणार नाहीत अशा दोन खुणांपासून: घराचा कोपरा, विजेच्या खांबाचा क्रमांक, किलोमीटरचा दगड. उभ्या गाडीपासून घेतलेलं अंतर गाडी हलली की निरर्थक. रात्रीच्या गुन्ह्यात दिवा कुठे होता आणि पंचनाम्याच्या वेळी तो लागत होता का, ही नोंद हमखास राहून जाते. साक्षीदाराने आरोपीला ओळखलं कसं, हा प्रश्न बचाव पक्ष तिथूनच काढतो.

निवेदन पंचनाम्यात, म्हणजे आरोपीने दिलेल्या माहितीवरून वस्तू शोधतात तेव्हाच्या पंचनाम्यात (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम २३), आरोपीचं बोलणं आधी ऐकून मग पंच बोलावणं ही घातक चूक. 'सुब्रमण्य विरुद्ध कर्नाटक राज्य' (२०२२) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे: पंच आधी बोलवा, निवेदन त्यांच्या समक्ष घ्या, शब्द आरोपीचेच ठेवा. तो हिंदीत बोलला तर हिंदीतच लिहा. "सदर इसमाने गुन्ह्याची कबुली देऊन" असा साचा वापरू नका. वस्तू पोलिसांना आधीच सापडलेली असेल तर निवेदनाला काही किंमत उरत नाही.

मुद्देमालाला सील जागेवरच लावा, लेबलवर पंचांच्या सह्या घ्या, सीलचा नमुना कागदावर उमटवा. ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत भरले की बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. सावलीत वाळवून कागदी पाकिटात घाला. कधी आणि कुठे वाळवले हेही नोंदवा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण करावं लागतं, त्यात यादी करणं आणि साक्षीदारांच्या सह्याही आल्या. त्यामुळे वेळेची तफावत लगेच उघडी पडते: कागदावर सुरुवात १०.१५, चित्रफितीत १०.५०. लिहायला बसण्याआधी मोबाइलचं घड्याळ बघा आणि तीच वेळ कागदावर व स्टेशन डायरीत टाका. खाडाखोड झालीच तर एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी, शेजारी दोन्ही पंचांची आद्याक्षरी. कोऱ्या कागदावर सही कधीच घेऊ नका, पंच कितीही घाईत असले तरी.